चौथं वाक्य बदल

वंदे,

टीव्ही सेंटरच्या चौकातला तुझा बॅनर अजून काढलेला नाही. दोन वाढदिवसांच्या मधे, एका भावी नगरसेवकाच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेस. फोटो पूजाच्या लग्नातला आहे. गळ्याची हाडं वर आली होती, ती फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर भरून काढलीत. पोटच्या पोरीच्या लग्नात होतीस त्यापेक्षा मेल्यावर धडधाकट दिसायला लागलीस. खाली ठळक अक्षरात छापलंय, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'.

अल्पशा! चौदा महिने गं! चौदा महिने छातीत गाठ घेऊन हिंडलीस आणि म्हणे अल्पशा.

त्याच चौकातनं आपण रोज शेअर रिक्षानं जालना रोडवरच्या शाळेला जायचो. जाता जाता बॅनर वाचायचे आणि इंग्रजीतले अलंकार ओळखायचे. 'गोरगरिबांचा आधारवड' आला की तू म्हणायचीस मेटाफर. 'विकासाचा झंझावात' आला की मी म्हणायचे हायपरबोल, आणि तू म्हणायचीस, हायपरबोल नाय, शोभे, ही सरळ थाप आहे. रिक्षावाला आरशातून बघायचा, या दोन मास्तरणींचं काय चाललंय म्हणून. मग आता तूच सांग, तुझ्याखाली काय लिहिलंय ते काय आहे? युफेमिझम. वाईट गोष्ट गोड शब्दांत गुंडाळून सांगणं. एक मार्क. अठरा वर्षं दहावीला शिकवलंस की हे.

मला तुझा लई राग आलाय. कालच आमची आई म्हणाली, गेलेल्या माणसावर रागावू नये. का रागावू नये? गेलीस म्हणून सुटलीस का? आणि तू मला सांगितलं नाहीस याचा हा राग असता तर सोपं होतं. चार लोकांसमोर रडले असते, वंदीनं मला परकं केलं म्हणून बोंबलले असते. पण तू सांगितलं होतंस. युफेमिझमच्या वर्कशीटमध्ये, चौथ्या वाक्यात सांगितलं होतंस, आणि मी ते लाल पेनानं तपासून तुला परत दिलं. आता हा राग कुठं नेऊन ठेवू ते सांग.

सगळ्याचं मूळ काझी सर, आपले दहावीचे इंग्रजीचे. बाकी शाळांत अलंकार म्हणजे पाठांतर होतं. लाइक किंवा ॲज दिसलं की सिमिली, निर्जीव वस्तू हसली-रडली की पर्सोनिफिकेशन, डोकं अजिबात वापरायचं नाही. काझी सरांनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटायला लावलं. "किताब रखो बाजूकू. घर में लोगां क्या बोलते, वो सुनके आओ. इंग्लिश बाद में देखेंगे." दर शनिवारी प्रत्येकानं घरून पाच वाक्यं आणायची, इंग्रजी करून वाचायची आणि अलंकार सांगायचा. आपण दोघींनी मिळून एकच वही केली, दोनशे पानी. माझ्या आईचं 'हजारदा सांगितलं तुला' हायपरबोलच्या पानावर गेलं. तुझ्या बापाचं 'उठल्या का राणीसाहेब, लई लवकर उठल्या' आयरनीच्या पानावर गेलं. मला तर सवयच लागली होती, घरात कुणी भांडायला लागलं की मी पेन शोधायचे.

आणि तुझी थोरली काकू. मी पहिल्यांदा करमाडला तुझ्या घरी आले तेव्हा काकूंनी नाव विचारलं, मग शाळा विचारली, मग जरा थांबून, "आडनाव काय म्हणलीस?" मी सांगितलं. नंतर सगळ्यांना चहा आला आणि मला पण आला, कान तुटलेल्या कपात. मी तो प्याले. काय करणार होते? तू बघत होतीस, काही बोलली नाहीस, आणि मला सोडायला एसटी स्टँडवर आलीस तेव्हा मी तुझ्याकडं पाठ करून उभी राहिले.

शनिवारी तू वर्गात उभी राहिलीस. पान मी पाहिलं नव्हतं. तू वाचलंस, "माझ्या काकूने माझ्या मैत्रिणीला आडनाव विचारलं. तिला जात विचारायची होती. युफेमिझम." काझी सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि म्हणाले, "हौ. येइच होना मेरेकू." हेच हवं होतं त्यांना. तुझा चुलतभाऊ त्याच वर्गात होता, त्यानं घरी जाऊन चहाडी केली आणि तू मार खाल्लास. सोमवारी दंडावरचा वळ दाखवून हसत होतीस. मी तेव्हा ठरवलं, ही पोरगी मी आयुष्यात सोडणार नाही.

पंधरा वर्षांची होतीस तू. सगळ्या वर्गासमोर घरचं झाकलेलं उघडं केलंस. ती वंदी कुठं गेली?

फक्त एका अलंकारावरनं आपलं कधी पटलं नाही. अपॉस्ट्रॉफी. जो समोर नाही, जो मेलाय, त्याला समोर असल्यासारखं हाक मारून बोलायचं. मला तो अलंकार बिनकामाचा वाटायचा. मी म्हणायचे, ऐकणारंच नाही तिथं बोलून काय उपयोग? कवी लोकांना दुसरा धंदा नाही. तू म्हणायचीस, "ऐकणारं समोर असताना तरी कोण ऐकतं गं?" हा वाद दहावीत सुरू झाला तो स्टाफरूमपर्यंत आला. दरवर्षी हा धडा आला की आपण त्यावर एक डबा तरी भांडून खायचो. आता बघ, मीच पानंच्या पानं तुझ्याशी बोलत बसलेय. खुश?

एक गोष्ट मात्र कबूल करते. माझं लग्न मोडलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझ्याभोवती गोड शब्दांचा नुसता चिखल केला होता. 'त्यांचं जरा जमत नाही.' 'त्या सध्या माहेरी असतात.' 'थोडा प्रॉब्लेम आहे.' मी आत आले की चहाचे कप वाजायला लागायचे. एक दिवस तू डबा उघडता उघडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "तो हात उचलायचा. हिनं सोडला त्याला. चांगलं केलं. कुणाला अजून काही विचारायचंय का? ही काय समोर बसलीय." कुणाला काही विचारायचं नव्हतं. त्या दिवशी मी किती तरी महिन्यांनी पोटभर जेवले. तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी एकटीनं संपवली.

माझ्यासाठी तुला एवढं तोंड होतं. स्वतःच्या वेळी काय दातखीळ बसली?

कारण आता कळलंय मला. गेल्या वर्षी गाठ हाताला लागली तेव्हा पूजासाठी स्थळं बघणं चालू होतं. आईला असलं दुखणं आहे हे बाहेर गेलं तर पोरीला कोण करून घेणार, उद्या तिलाही होईल म्हणतील. भावजींनी, तुझ्या सिल्लोडच्या नणंदेनं आणि तू, तिघांनी मिळून ठरवलं, कार्य उरकलं की बघू. तोवर नणंदेच्या ओळखीच्या कुणा माणसाच्या पुड्या. गाठीला घरात गाठ म्हणायचं नाही, उष्णता म्हणायचं. डॉक्टर म्हणाले होते, लगेच काढू, बरी होशील. लगेच! आणि तुम्ही मंगल कार्यालयाच्या तारखा बघत बसलात.

भावजींना मनसोक्त शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण पूजा म्हणाली, बाबा दोनदा गाडी काढून दारात उभे होते, आईच बसली नाही. म्हणजे मला तेवढंही ठेवलं नाहीस.

लग्नात मी काय केलं माहितीय ना? मी तुला कडकडून मिठी मारली आणि म्हणाले, "वंदे, किती बारीक झालीस! लई छान दिसतेस. कोणतं डाएट गं?" तू म्हणालीस, "आहे एक." मी म्हणाले, "मला पण सांग." तू म्हणालीस, "नको बाई, तुला झेपायचं नाय." आणि आपण दोघी हसलो. मी दोन वेळा मठ्ठा घेतला, तुझ्या व्याह्यांची थट्टा केली. आता जीभ कापून टाकावीशी वाटते.

मग ते वर्कशीट. उद्या हे पत्र कुणा बाहेरच्याच्या हाती लागलं तर त्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. आपली रीत होती. शाळेत लागल्यापासून काझी सरांचीच पद्धत आपण चालवली. पुस्तकातली वाक्यं द्यायची नाहीत, घरची, गल्लीतली द्यायची. आणि एकीचा कागद दुसरीनं लाल पेनानं तपासल्याशिवाय झेरॉक्सला जायचा नाही. तुझ्या कागदात माझी आई असायची, माझ्या कागदात भावजी असायचे. माझ्या घटस्फोटावर पण तू एकदा वाक्य केलं होतंस आणि मी त्याला बरोबरची खूण करून वर लिहिलं होतं, 'झकास'. त्यामुळं तुझ्या कागदात काही वाचून दचकायची मला सवयच राहिली नव्हती.

गणपती बसायच्या आधीचे दिवस. माझ्यापुढं घटक चाचणीचा गठ्ठा होता. तू कागद ठेवलास आणि म्हणालीस, "शोभे, हे बघ. नीट बघ." नीट बघ, असं अठरा वर्षांत तू कधी म्हणाली नव्हतीस. मी मान न उचलता हो म्हटलं आणि कागद पिशवीत टाकला. डब्याखाली नऊ दिवस होता तो. त्याच्यावर तेलाचा डाग पडला. दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तो काढला आणि दोन मिनिटांत तपासला.

वाक्यं इंग्रजीत होती, मराठीत अशी. एक, शेजारच्या आजोबांनी डोळे मिटले. दोन, नणंद म्हणते, तिच्या अंगात जरा उष्णता आहे. तीन, घरच्यांनी ठरवलं, कार्य उरकलं की बघू. चार, डॉक्टर म्हणाले, ती दिवाळीपर्यंत जगणार नाही. पाच, मैत्रीण म्हणाली, किती बारीक झालीस, छान दिसतेस.

पाचवं वाचून मी हसले. "मला पण घातलंस का यात?" म्हणाले. तू म्हणालीस, "घातलं." मी त्याच्यासमोर लिहिलं, 'चालेल'. आणि चौथ्यासमोर, देवा, चौथ्यासमोर मी लिहिलं, 'बदल. हे युफेमिझम नाही, सरळ विधान आहे. मुलं गोंधळतील.' खाली दोन रेघा ओढल्या. मला वाटलं, टीव्हीवरच्या मालिकेतनं उचललं असशील.

तू कागद हातात घेऊन उभीच राहिलीस. "बदलू म्हणतेस?"

"बदल की. यात झाकलंय काय? सरळच तर सांगितलंय."

"व्हय," तू म्हणालीस. "सरळच सांगितलंय." मग म्हणालीस, "आणि नाय बदललं तर?"

"मग तुझ्या पोरांचा एक मार्क जाईल," मी म्हणाले, आणि पुढचा पेपर ओढला. घंटा झाली. तू कागदाची चार पदरी घडी केलीस आणि वर्गावर गेलीस. पुढच्या सोमवारपासून तुझी रजा लागली. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, असं हजेरीपटावर लिहून आलं. मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "ठीक आहे गं, जरा अशक्तपणा." मी भेटायला आले तर भावजी म्हणाले, तिला सिल्लोडला ठेवलंय, हवापालट. मी सिल्लोडला का नाही आले? कितीसं लांब आहे? एसटीत बसले असते तर आले असते. सहामाहीचे पेपर होते, हे कारण मी स्वतःला अजून देते आणि ते अजून पुरत नाही.

दसऱ्यानंतर फोन आला.

दहाव्याला तुझी नणंद माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "काय करता, देवाला पण चांगली माणसंच लागतात." माझा हात शिवशिवला. देवाला लागतात म्हणे! देवानं सांगितलं होतं का पुड्या द्या म्हणून? पण पुड्यांचं मला पुढं कळलं, तेव्हा नुसता वास येत होता. मग पूजा मला मागच्या खोलीत घेऊन गेली. लग्नाची मेंदी पुसून पाच महिने झाले होते फक्त. म्हणाली, "शोभामावशी, तुम्ही का नाही आलात? मला तर शेवटी शेवटी कळलं. पण तुम्हाला माहीत होतं ना? आई म्हणाली, मी शोभाला लिहून दिलंय, तिला कळंल. दाराची कडी वाजली की तुमचं नाव घ्यायची."

मी म्हणाले, कधी लिहून दिलं? काय लिहून दिलं?

तिनं तुझ्या पर्समधनं घडी काढली. तेलाचा डाग, माझं लाल पेन, दोन रेघा. आणि माझ्या शेऱ्याच्या खाली पेन्सिलीनं, तुझ्या बारीक अक्षरात एकच शब्द, 'बरोबर'.

मला सांग, हा शब्द तू कुठल्या पानावर घातला असतास? आयरनीच्या? की खरंच मला बरोबर ठरवलंस? तू मला थप्पड का नाही मारलीस? तो कागद माझ्या डोळ्यांसमोर धरून, "शोभे, ही मी आहे" असं चार शब्दांत का नाही म्हणालीस? माझ्यासाठी सगळ्या स्टाफला गप्प केलंस आणि स्वतःसाठी परीक्षा घेतलीस माझी? बरं, नापास झाले. झालं समाधान? एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढासा कागद आणि तोही मी पेपर तपासताना? तुला माझी सवय माहीत होती. मी आधी चूक बघते, मग माणूस बघते, हे तू मला शंभरदा ऐकवलंस. मग विश्वास कशाला ठेवलास? मला तुझी माफी मागायचीय आणि तुला दोन ठेवून द्यायच्यात, आणि यातलं आधी काय हे मला रोज सकाळी वेगळं वाटतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. तुझी दहावी ब मला दिलीय. मुख्याध्यापकांनी दोन मिनिटं मौन ठेवलं, 'मॅडम आपल्यातून निघून गेल्या' म्हणाले, जसं काही तू बदली मागून गेलीस. मग मी तुझ्या वर्गात गेले. फळ्याच्या कोपऱ्यात तुझ्या हातचं, 'शनिवार, पाच वाक्यं', अजून होतं. पोरांनी पुसलं नव्हतं.

मी खडू घेतला आणि तुझी पाच वाक्यं फळ्यावर लिहिली. जशीच्या तशी. चौथं बदललं नाही. म्हणाले, यातलं कोणतं युफेमिझम नाही आणि का नाही, ते सांगा.

तुझ्या करमाडहून एसटीनं येणारी ती आरती आहे ना, दोन वेण्यांची, इंग्रजीत कायम काठावर पास होणारी, ती उठली. कधी न उठणारी. फळ्याकडं बघत म्हणाली, "चौथं बसत नाय मॅडम यात. ह्यात कायी झाकलेलं नाय." मग जरा अडखळली. "आन् मॅडम, ह्या खालच्या चारी वाक्यात एकच बाई हाय. ती खरंच मरायलीय, आन् कुणाला तरी सांगायलीय. कोणंय मॅडम ही?"

मी खडू खाली ठेवला आणि सांगितलं. तुमच्या वंदना मॅडम. त्यांना छातीचा कॅन्सर होता, चौदा महिने होता, वेळेवर काढला असता तर त्या आज इथं उभ्या असत्या. एवढं स्पष्ट सांगितलं. भावजींच्या कानावर जाईल, मुख्याध्यापक बोलावतील, तुझी नणंद मला शिव्या देईल. देऊ दे.

आरती तशीच उभी होती. तुझ्या वर्गातल्या काठावर पास होणाऱ्या पोरीला अर्धं मिनिट लागलं, वंदे. माझ्याकडं तो कागद नऊ दिवस होता.